तयारी कुणाची तपासायची?

तयारी हा शब्द दिसायला गरीब. लग्नाची तयारी, परीक्षेची तयारी, जयंतीची तयारी. पण माणूस आपलं अख्खं जगणं बदलायला निघाला, धर्म बदलायला निघाला, की हाच शब्द गिरणीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखा आडवा होतो. तुझी तयारी झाली का? तुला कळतंय का तू काय करतोयस? कुणी शिकवून पाठवलं? आणि हे विचारणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याला तू जागेवरून हललेला नको असतोस.

दोस्तहो, हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. माझी धाकटी मावसबहीण बाप्तिस्मा घ्यायच्या तयारीत आहे. आम्ही जन्मापासून बौद्ध. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव पोत्यात भरून ओढ्यात सोडले, ही गोष्ट आमच्या घरात अजून सणासारखी सांगतात. त्या घरातली पोरगी येशूकडं निघाली म्हणून वस्तीत कालवा झालाय. कुणी म्हणतं पैसे खाल्ले. कुणी म्हणतं भुलवली. कमिटीतले आपलेच जवान म्हणतात, तिला धम्म तरी कळला होता का? आधी तो कळू दे, मग सोडू दे. मला या वाक्याचा वास ओळखीचा वाटला. म्हणून मी हा वास कुठून येतो ते शोधत मागं गेलो.

फार लांब जावं लागलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली. पुढं वर्षभर सगळ्या धर्मांचे लोक आपल्याकडं बाजारातल्या बैलासारखे दात मोजत बघत होते. १९३६ साली जॉन मॉट नावाचे मोठे अमेरिकन मिशनरी गांधींना भेटले. तेव्हा गांधींनी त्यांना विचारलं, की तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगायला जाल का? आणि पुढं सांगितलं, की काही अस्पृश्यांची समज गाईपेक्षाही कमी आहे, या धर्मात न् त्या धर्मात काय डावं-उजवं ते त्यांना गाईइतकंच कळतं. हे 'हरिजन'मध्ये छापलेलं आहे, माझ्या मनचं नाही. गाय एरवी माता. आमच्याशी तुलना करायची वेळ आली तेव्हा मात्र ती जनावर झाली.

म्हणजे बघा. ज्यानं हजारो वर्षं एक धर्म अंगावर, पाठीवर, पोटावर सोसला, त्याला त्या धर्मातलं काही कळत नाही! ज्याच्या पायात काटा मोडलाय त्याला काट्याविषयी बोलायचा अधिकार नाही, आधी वनस्पतीशास्त्र शिकून ये.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं हिंदूंचं. ख्रिस्ती तरी दार उघडं ठेवतात का? तर त्याचाही शोध घेतला. मी दहावी नापास माणूस, इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन, पाळी सुटल्यावर. तरी वाचलं.

त्यांच्या बायबलात दोन्ही आहे. प्रेषितांच्या कृत्यांत एक गोष्ट येते. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून परत चाललेला असतो. खच्ची केलेला माणूस. यहुद्यांच्या जुन्या नियमशास्त्राप्रमाणं असल्या माणसाला देवाच्या मंडळीत प्रवेश नाही. म्हणजे त्या अर्थानं तो आपलाच जातभाई. वाटेत फिलिप्प त्याला भेटतो, दोघं बोलत जातात, रस्त्याकडंला पाणी दिसतं, आणि हा माणूस विचारतो की आता मला बाप्तिस्मा घ्यायला आडवं काय येतंय? काहीच येत नाही. दोघं पाण्यात उतरतात. वर्ग नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकीट नाही. पुढं तुरुंगाच्या एका नायकाची गोष्ट आहे, तो तर रात्रीच्या रात्रीत घरादारासकट बाप्तिस्मा घेतो.

मग मंडळ्या वाढल्या, छळ वाढला, आत फितूर शिरायची भीती वाढली, आणि नियम आले. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची म्हणून सांगतात अशी एक नियमांची पोथी आहे, रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर चालते. आपल्या भाषेत 'प्रेषितांची परंपरा'. त्यात लिहिलंय की नव्या माणसानं तीन वर्षं वचन ऐकावं. तो मनापासून लागला असेल तर मात्र वर्षं मोजू नयेत, वागणूक मोजावी. हे मला पटलं. धंद्यांची यादी आहे. वेश्यागृह चालवणारा, मूर्ती घडवणारा, आखाड्यात माणसं मारणारा, यांनी धंदा सोडावा नाहीतर परत जावं. शेवटी बाप्तिस्म्याच्या आधी चौकशी काय करायची? याला पाठ किती येतं अशी नाही. यानं विधवांचा मान राखला का, आजाऱ्याला भेटायला गेला का, अशी. पाण्यात उतरताना बायकांनी केस मोकळे सोडायचे, दागिने काढायचे, परकी वस्तू पाण्यात न्यायची नाही.

इथपर्यंत मी मान डोलावत होतो. मग गुलामाचा नियम आला. येणारा गुलाम असेल आणि त्याचा मालक ख्रिस्ती असेल, तर मालकाची परवानगी आहे का ते विचारावं. मालकानं तो चांगला आहे अशी साक्ष दिली नाही तर त्याला परत पाठवावं.

पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन चहा प्यालो. ज्या देवापुढं गुलाम आणि मालक एक म्हणता, त्या देवाच्या दारात पोचायला गुलामानं चिठ्ठी कुणाची आणायची, तर मालकाची. तयारी गुलामाची, आणि तपासनीस मालक!

आणि ही चिठ्ठी आजही लागते, फक्त मालक बदलला. उत्तर प्रदेशात २०२१ च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्यानं साठ दिवस आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला कळवायचं. गुजरातेत २००३ च्या कायद्यानं आधी परवानगी घ्यायची, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं परिपत्रक काढून सांगितलं, की बौद्ध धर्म वेगळा धर्म आहे, तेव्हा हिंदूचा बौद्ध व्हायचं असलं तरी ही परवानगी पाहिजे. म्हणजे दीक्षाभूमी उद्या अहमदाबादेत भरवायची तर आधी साहेबाच्या टेबलावर अर्ज. साहेब ठरवणार तुमची तयारी झाली की नाही. म्हणून म्हणतो, दुसऱ्याची तयारी तपासायची हौस धरताना आपण कुणाच्या खुर्चीत बसतोय ते वाकून बघा.

आता बहिणीचं सांगतो.

ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. नवरा दारूत गेला, तिसरं वर्ष चालू आहे. पोरगा सात वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात पोराला डेंगी झाला, प्लेटलेट उतरल्या, अकरा रात्री ती दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. त्या अकरा रात्री तिच्याजवळ आळीपाळीनं बसायला कोण आलं? कारखान्यातल्या दोन ख्रिस्ती बायका आणि त्यांच्या पाळकांची बायको. डबा आणला, पोराचे कपडे धुतले, ती झोपली तेव्हा जागल्या. प्रार्थना केली म्हणा, पण धर्म बदल असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. कमिटी त्याच दिवसांत डीजेची सुपारी किती यावर भांडत होती. हे ऐकायला बरं वाटत नाही. पण 'भुलवली' म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की भुलवायला एवढंच लागत असेल तर आपल्याला ते का जमलं नाही?

मग ती रविवारी त्यांच्या देवळात जायला लागली. तिनंच बाप्तिस्मा मागितला. पाळक म्हणाले, घाई नको, सहा महिने वर्गाला ये. आणि खरी तयारी इथून सुरू झाली, जिची वर्गातल्या पुस्तकात एक ओळ नाही.

बहीण कारखान्यात बायकांची भिशी चालवायची. भिशीतनं पैसा व्याजानं फिरवायची, शेकडा दहा, महिन्याला. नवरा मेल्यावर त्याच पैशावर घर चाललं, मी काय बोलणार? एका रविवारी वर्गात जक्कयाची गोष्ट निघाली. जक्कय जकातदारांचा मुकादम, बुटका, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि हा उठून म्हणाला की निम्मं गरिबांना देतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्या रात्री बहिणीनं वही काढली. चौदा बायकांची नावं. कुणाकडनं मुद्दलाच्या वर किती घेतलं ते मांडलं. आता दर पगाराला एकेकीचं फेडतेय. मला म्हणाली, "दादा, चौपट काय जमायचं नाय. मी कुठं जकातदार हाय? वरचं तेवढं देते." सासू रडते, हातातली भाकर लोकांना वाटतेस म्हणून. सासूचंही खोटं नाही.

आता सांगा, 'हिला काय कळतंय' म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात अशी वही आहे?

कमिटीनं तिला विहारात बोलावलं. मी होतो. एकानं दरडावून विचारलं, बावीस प्रतिज्ञा येतात का? ती म्हणाली, येतात, शाळेत असताना पाठ केल्या होत्या, तुम्ही म्हणा, मी मागनं म्हणते. विचारणारा नवव्या-दहाव्यापाशी अडखळला. कुणी हसलं नाही. मग एकजण म्हणाला, हिच्या घरचं पाणी बंद करा, हिच्याकडं कुणी जेवायचं नाही. हे वाक्य आपल्या विहारात उच्चारलं गेलं, दोस्तहो. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याची ओंजळ ज्यांच्या बापानं भरली त्यांच्या तोंडून. मी तिथंच उठून विरोध केला आणि लेखी पण दिला. निर्णय अजून व्हायचाय.

'पोटासाठी बाटली' या शिवीचं काय ते बघू. ही शिवी फक्त आपल्याला मिळते. नारायण वामन टिळकांना कुणी पोटासाठी म्हटलं नाही. चित्पावन ब्राह्मण, कवी, संस्कृत जाणणारा. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, दोन वर्षं ते वाचत, झगडत राहिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणाले वेडा झाला, फितूर झाला. पण त्यांच्या मनात खळबळ होती, विचार होता, हे वैऱ्यालाही मान्य. का? तर त्यांच्याकडं सोडायला काहीतरी होतं. जात होती, मान होता, सोवळं होतं. ज्याच्याकडं सोडायला आहे त्याच्या धर्मांतराला चिंतन म्हणतात. ज्याच्याकडं सोडायला मेलेल्या ढोराचं मांस आणि गावकीचं जोखड आहे, त्याच्या धर्मांतराला पोट म्हणतात. नगर जिल्ह्यातले, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तिथले बहुतेक ख्रिस्ती आपल्याच महारा-मांगांतून गेलेले. टिळकांवर पुस्तकं आहेत. या हजारोंच्या मनात रात्री काय चाललं होतं, कुणी विचारलं?

आणि टिळकांच्या तयारीची किंमत कुणी भरली तेही बघा. बायकोला न सांगता त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान पोराला घेऊन नातेवाइकांकडं दिवस काढत राहिल्या, नवरा जिवंत असून विधवेसारख्या. पुढं त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं ठेवलं. नवऱ्यानं ओढलं नाही, त्याही ढकलल्या गेल्या नाहीत. हळूहळू त्यांनी स्वतःशी ठरवलं की जात माणसानं केलीय, देवानं नाही, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मला विचाराल तर दोघांत तयारी मोठी बाईची. पुरुषानं पुस्तकाशी झगडा केला, तिनं पाण्याच्या हंड्याशी. 'स्मृतिचित्रे' वाचा, ब्राह्मणाचं पुस्तक म्हणून टाकू नका. त्या बाईला स्वतःवर हसता येतं, आपल्यातल्या कितीजणांना येतं?

संत ऑगस्टीनचंही असंच. देवाला म्हणायचा मला शुद्ध कर, पण एवढ्यात नको. शेवटी ३८७ साली मिलानला बाप्तिस्मा घेतला. पण त्याच्या दोन वर्षं आधी, चांगल्या घरची सोयरीक आडवी आली म्हणून, त्याच्या पोराच्या आईला, वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या बाईला, आफ्रिकेला परत धाडून दिलं. त्याच्या जगप्रसिद्ध पुस्तकात तिचं नाव नाही. म्हणून कुणी आपल्या आत्मिक तयारीची कथा सांगायला लागला, की मी आधी विचारतो, घरी चूल कुणी सांभाळली?

पोटाचा हिशेब सरकारी कागदावर मांडा, तर उलटाच येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूला. १९५६ ला शीख आले, १९९० ला आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. मद्रासला रस्त्याकडंला बसून चपला शिवणारा एक आदिद्रविड चांभार होता. सरकारनं चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला दिली नाही, कारण हा ख्रिस्ती. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्टानं सांगितलं, ख्रिस्ती झाल्यावरही तुमचे हाल तेवढेच आहेत याचा पुरेसा पुरावा नाही. तोच रस्ता, तीच आरी, तेच कातडं. टपरी गेली. बहिणीच्या पोराचंही हेच होईल, अनुसूचित जातीची सवलत जाईल. मी तिला बसवून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं. वहीत लिवते." आणि खरंच लिहिलं, खर्चाच्या बाजूला.

तरीही माझं तिच्याशी भांडण आहे, आणि ते मी इथं लपवणार नाही.

मे १९३६ मध्ये मुंबईला महार परिषदेत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे' हे भाषण केलं. त्यात नावाड्याचा दाखला आहे. नाव हाकारण्याआधी नावाड्याला तयारी करावी लागते, किती माणसं येणार हे कळल्याशिवाय ती करता येत नाही, असं ते म्हणाले. मी हा दाखला पुन्हापुन्हा वाचला. बाबासाहेबांनी उतारूंची परीक्षा घेतली नाही. तयारी त्यांनी स्वतःवर घेतली, नावेवर घेतली. येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षं. धर्म तपासले, ग्रंथ तपासले, कुठं आपली माणसं पुन्हा बुडतील ते तपासलं. आणि लोकांची तयारी? ती मेलेलं ढोर ओढायचं सोडून, येसकराची काठी टाकून, पोरं शाळेत घालून गावोगाव चालूच होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक उभे राहिले तेव्हा कुणी प्रश्नोत्तरी पाठ करून आलं नव्हतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ तर छापून आला १९५७ साली, बाबासाहेब गेल्यावर. अभ्यास नंतर. पिकेट नावाच्या मिशनऱ्यानं १९३३ च्या पुस्तकात ख्रिस्ती झालेल्या दलितांबद्दल काहीसं हेच मांडलं, की माणूस कुठल्या कारणानं आला यापेक्षा आल्यावर त्याला शिकवणारं, सांभाळणारं कोण मिळालं यावर पुढचं जास्त ठरतं.

तेव्हा माझा प्रश्न नावेचा. बाई, तू चढतेस ती नाव तपासलीस का? बाबासाहेबांचा ख्रिस्ती समाजावर आक्षेप होता, तो त्यांच्या पाचव्या इंग्रजी खंडात आहे, १९८९ ला छापलेल्या. धर्मांतर झाल्यावरही जात तशीच राहिली आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध समाज म्हणून उभा राहिला नाही. तमिळनाडूत एकाच प्रभूच्या लेकरांना वेगळी बाकं आणि वेगळी स्मशानं मिळाली. एकट्यानं तरून जायचं असेल तर प्रार्थना पुरते. वस्ती तरवायची तर संघटना लागते. तू जाशील स्वर्गात, पण फाटकावरचा जॉबर उद्या आपल्याला जातीवरनं शिवी देईल तेव्हा तुझी मंडळी मोर्चात येणार का?

मला वाटलं तिच्याकडं उत्तर नसेल.

ती म्हणाली, "स्वर्गाचं तूच काढतोस दादा. मी मरायची तयारी नाय करत. सोमवारची करते." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् नाव तपासली. तिथं पण सोयरीक जुळवताना विचारतात, आधी कोण होता. मी कानानं ऐकलं. म्हणून वर्गात उभं राहून विचारलं, बाप्तिस्म्यानंतर माझ्या पोराला हे विचारणार का?"

मी विचारलं, मग?

"पाळक म्हणाले, चांगला प्रश्न हाय, पुढच्या आठवड्यात बोलू. दोन आठवडे झाले."

ईस्टरला बाप्तिस्मा ठरलाय. उत्तर आलं नाही तर ती तारीख पुढं ढकलणार म्हणते, पाळकांच्या बायकोला तसं सांगितलंयही. त्या बाईनं म्हणे हात धरला आणि म्हणाली, मीही विचारते.

टिळकांनी शेवटी काय केलं ते तिला सांगितलं. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यालाही जागा होती, न घेतलेल्यालाही. १९१९ ला ते वारले, त्यामुळं ते पुढं फार गेलं नाही. बहीण म्हणाली, तसलं काय आता असेल का? मला ठाऊक असलेलं एकही नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी कमिटीची बैठक आहे. बहिष्काराचा ठराव आला तर मी विरोधात हात वर करणार, दुसरा हात वर आला नाही तरी. त्याच दिवशी सकाळी तिचा वर्ग, तिसरा आठवडा. मला तिसऱ्या पाळीवरनं सुटून थेट तिकडं जायचंय, तिनं बोलावलंय, मागच्या बाकावर बसून ऐक म्हणाली. दोन्हीकडं काय झालं ते पुढच्या अंकात लिहीन.